अकरा चिंध्या

मंगळवारी मास्तरांनी एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या कापल्या. बेचाळीस वर्षं कातर चालवणाऱ्या हाताकडून असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी हळूच आजूबाजूला पाहिलं, चुकलेली बाही घडी करून खिशात घातली आणि काही झालंच नाही अशा थाटात खडूला टोक काढत बसले. पण अकरा माणसांच्या शिवणघरात काय लपून राहतं? इस्त्रीवाल्या आजोबांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "शनिवार जवळ आला वाटतं."

शनिवारी निवडणूक होती. शिवणघराचा प्रमुख दर दोन वर्षांनी निवडायचा असा नियम होता, आणि आजवरच्या सहाही खेपा मास्तर निवडून आले होते. त्यात मोठा पराक्रम होता असं नाही, कारण समोर कधी कोणी उभंच राहिलं नव्हतं. यंदा कॉलरवाली उभी राहिली होती. ती सात वर्षांपूर्वी आली, कॉलरी शिवायला बसली, आणि जेवणाच्या सुट्टीत मास्तरांचं कापणं बघत बघत कापायलाही शिकली. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं मास्तर घरी एकदा म्हणाले होते. त्यावर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना आमटी वाढली होती. वहिनी त्याच शिवणघरात काजं करायच्या. बोलण्यापेक्षा दात लावून दोरा तोडण्याकडेच त्यांचा कल जास्त होता.

मास्तर सगळ्यांना सांगत फिरत होते की पद असलं काय अन् नसलं काय, मला काही फरक पडत नाही. हे शुद्ध खोटं होतं. शिवणघरात जो प्रमुख तोच कापणार, अशी मालकाच्या वेळेपासूनची रीत होती. म्हणजे पद गेलं की खिडकीजवळचं मोठं टेबल जाणार, आणि टेबलाबरोबर कातरही जाणार. एकसष्टाव्या वर्षी कोणाच्या तरी हाताखाली शिलाई मारत बसायचं, हे त्यांना नको होतं. दोन डाव्या बाह्या त्यातूनच आल्या.

बारा वर्षांपूर्वी म्हातारा मालक लेकाकडे राहायला गेला. जाताना मशीनं, टेबलं आणि जागा कामगारांच्या नावावर करून, "आता तुमचं तुम्ही बघा," म्हणाला. म्हणायला काय जातं! बघायचं कसं, ते मात्र तो सांगून गेला नाही. पहिले काही महिने ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालायचं. आवाज मोठा होता पायजम्याचा. तो बिचारा फक्त पायजमे शिवायचा, पण ओरडायचा असा की रस्त्यावरचं गिऱ्हाईक दाराशी आलेलं परत जायचं. मग ठरलं, हात वर करायचे. त्यातही गोम निघाली. सगळे आधी मास्तरांच्या हाताकडे बघायचे आणि मग आपला वर करायचे. मग कागदाच्या चिठ्ठ्या आल्या. पण तिघांना लिहिता येत नव्हतं, आणि बाकीच्यांचं अक्षर मापांच्या वहीमुळे सगळ्यांना पाठ होतं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "अरे, आपण शिंपी ना? मग लिहायचं कशाला? टाका घालू."

ती कल्पना सगळ्यांना फार आवडली. एकाच कापडाच्या, बोटाएवढ्या अकरा चिंध्या. एकच पांढरा दोरा. एकेकाने ट्रायल रूममध्ये जायचं, पडदा ओढायचा, चिंधीवर हो असेल तर आडवा टाका घालायचा, नाही असेल तर फुली, आणि चिंधी बिस्किटांच्या डब्यात टाकून बाहेर यायचं. इस्त्रीवाल्या आजोबांना शिवता येत नव्हतं, पण एवढं त्यांनाही जमायचं. पुढे एकीने हौसेने चिंधीवर अख्खं फूल भरलं. ते 'हो' की 'नाही' यावर दोन दिवस भांडण झालं, आणि त्यातून 'नक्षी केली तर मत बाद' हा नियम निघाला. समान मतं पडली तर चालू आहे ते तसंच राहील, असाही एक नियम एका भांडणातून निघाला. आणि मोजणी प्रमुखाने करायची. मोजून झाली की त्याने लगेच टाके उसवून टाकायचे, म्हणजे कोणाला काही कळायला नको.

आता गंमत बघा. अकरा माणसं, दिवसाचे आठ तास टाके घालणारी, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की टाका हीच शिंप्याची सही असते. आपला टाका आपल्याला नुसता टाका वाटतो, ओळखू येतो तो दुसऱ्याचा. आणि दुसऱ्यांच्या चिंध्या बघायला मिळत होत्या एकट्या मास्तरांना. पहिल्याच मोजणीला त्यांनी डबा उपडा केला, आणि अकराची अकरा माणसं टेबलावर मांडल्यासारखी दिसली. पायजम्याचा लांबलचक, घाईचा टाका. आजोबांचा तिरपागडा. कॉलरवाली आल्यावर तिचा बारीक, ताणून घट्ट केलेला. मास्तरांनी त्या दिवशी सांगायला हवं होतं. ते म्हणाले, आज नको, उगाच सगळ्यांचा हिरमोड होईल. मग पुढच्या वेळी म्हणाले, आता सांगितलं तर मागच्या वेळी का नाही, असं विचारतील. अशी बारा वर्षं गेली. मूठ झाकलेली होती आणि ती उघडायची त्यांना गरज वाटली नाही.

गुरुवारी प्रोफेसर आले. हे वहिनींचे धाकटे भाऊ. कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दर महिन्या-दोन महिन्यांनी पँटची कंबर वाढवून घ्यायला यायचे, आणि माप देता देता एक व्याख्यान देऊन जायचे. त्यांना निवडणुकीचं कळल्यावर तर विचारूच नका.

"भावजी, लोकशाहीचे सिद्धांत म्हणाल तर ढीगभर," हात वर करून ते म्हणाले. मास्तरांनी त्यांच्या कमरेभोवती टेप धरली होती. "एक पंथ म्हणतो, लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य. दुसरा म्हणतो, राज्य कसलं घेऊन बसलात? लोकांना वर बसलेला माणूस बदलता येतो, बस्स, तेवढंच. तिसरा म्हणतो, मत ही शेवटची पायरी. त्याआधी समोरासमोर बसून बोललं पाहिजे, एकमेकांचं ऐकलं पाहिजे."

"पोट आत घेऊ नका, माप चुकतं," मास्तर म्हणाले.

"मग यातलं खरं कोणतं?" आजोबांनी विचारलं.

"सगळेच थोडे थोडे खरे."

"म्हणजे सगळ्यांच्या नोकऱ्या शाबूत," आजोबा म्हणाले. सगळे हसले, प्रोफेसरही हसले.

"पण एक सांगतो," ते पुढे म्हणाले, "या संस्था कोणी एका दिवसात उभ्या करत नाही. माणसं भांडतात, भांडणातून नियम निघतो. नियमाला पळवाट सापडते, ती बुजवायला दुसरा नियम. असं करता करता एक दिवस नियम कोणी केला हे लोक विसरतात आणि तरी पाळतात. तेव्हा समजायचं, संस्था रुजली."

"रुजली की नाही, हे ओळखायचं कसं?" हा प्रश्न मागच्या भिंतीजवळून आला. कॉलरवालीने मशीन न थांबवताच विचारलं होतं.

"सोपं आहे. हरलेला माणूस सोमवारी कामावर येतो का, ते बघायचं."

मास्तरांनी टेप गुंडाळली आणि माप वहीत लिहिलं. प्रोफेसरांनी सहज विचारलं, "आणि तुमच्याकडे मोजतं कोण?"

"मी."

"तुम्ही स्वतः उभे असताना?"

"आजवर मीच मोजतो. आणि चिंधीवर काय कोणाचं नाव असतं?"

प्रोफेसर काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले. एवढ्या वर्षांत या माणसाचं वाक्य अर्धं राहिलेलं मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं. कोपऱ्यात वहिनींनी काजाचा शेवटचा टाका ओढला, दोरा दाताने तोडला आणि नवऱ्याकडे बघितलं. मास्तरांनी नजर टेबलावर वळवली.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनी म्हणाल्या, "अहो, कॉलरवाली मागच्या भिंतीशी का बसते?"

"नवीन मशीन आलं तेव्हा जागा बदलल्या ना. कोणीतरी तिथे बसणारच."

"चार वर्षं झाली. कॉलरीच्या टोकांना उजेड लागतो. तिने दिवा मागितला होता."

"बघू म्हणालोय मी तिला."

"आणि तिच्याआधी तिथे कोण बसायचं?"

मास्तरांचा घास हातात राहिला. तिच्याआधी तिथे पायजम्या बसायचा. पायजम्या तिथे गेला तो, सुट्टीचा दिवस बदलायला त्याने फुली घातली त्याच्या पुढच्या महिन्यात. आणि कॉलरवाली गेली ती, सुट्टी रद्द करून गणवेशांचं मोठं काम घ्यायचं ठरत होतं, त्याला तिने फुली घातली त्यानंतर. तेव्हा मास्तरांना खरंच वाटलं होतं की हे सगळं सोयीचं म्हणून चाललं आहे. सूड वगैरे त्यांच्या मनात नव्हतं. आपण चांगले आहोत, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. पण हात मनाला विचारून थोडाच काम करतो? त्यांनी घास खाल्ला.

"पाणी घ्या," वहिनी म्हणाल्या, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शनिवारी दुपारी मशीनं थांबली. त्या खोलीत शांतता अशी पसरली की रस्त्यावरच्या सायकलची घंटाही ऐकू आली. मास्तरांसाठी आडवा टाका, कॉलरवालीसाठी फुली, असं ठरलं. आधी दोघांनी दोन शब्द बोलायचे होते. मास्तर म्हणाले, "तुम्ही मला ओळखता." कॉलरवाली उभी राहिली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "मला कापता येतं. कोणी कुठे बसायचं ते दर सहा महिन्यांनी बदलावं असं माझं म्हणणं आहे. प्रमुख धरून सगळ्यांनी. एवढंच." आणि बसली. पायजम्याने टाळी वाजवली. एकट्याचीच वाजते आहे हे लक्षात आल्यावर थांबला.

एकेक जण पडद्याआड गेला आणि आला. वहिनी सगळ्यात शेवटी गेल्या. त्यांना जरा वेळ लागला, इतका की आजोबांनी पडद्याकडे दोनदा बघितलं. मग डब्यात शेवटची चिंधी पडली.

मास्तरांनी डबा मोठ्या टेबलावर नेला. सगळे रीतीप्रमाणे दाराजवळ उभे राहिले. त्यांनी एकेक चिंधी काढून डावीकडे आणि उजवीकडे ठेवायला सुरुवात केली. आजोबांचा तिरपागडा टाका आडवा होता, त्याने त्यांना बरं वाटलं. पायजम्याची फुली, अपेक्षेप्रमाणे. शर्टवाल्या दोघी बहिणी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या होत्या, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांची स्वतःची. कॉलरवालीची. दहा चिंध्या झाल्या तेव्हा डावीकडे पाच होत्या आणि उजवीकडे पाच. अकरावी राहिली होती, वहिनींची. ती कोणाची हे बघायची गरजच नव्हती, आणि ती आपली आहे असं समजून मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी चिंधी उलटी केली. फुली होती.

आणि साधी फुली नव्हती. बारा वर्षं वहिनी इतर सगळ्यांसारखा साधा टाका घालत आल्या होत्या. ही फुली काजाच्या टाक्याने घातली होती. एकाशेजारी एक, घट्ट, प्रत्येक टाक्याला काठावर बारीक गाठ. त्या शिवणघरात असं काज एकच बाई करत होती. एखाद्या शिकाऊ मुलीलाही ओळखता आलं असतं. बायको लपली नव्हती. 'मी आहे, बघा,' असं तिने सांगितलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं की आपला नवरा टाके वाचतो. किती वर्षांपासून माहीत असेल, देव जाणे.

मास्तरांना फार वाईट वाटलं. मग राग आला. आणि रागापाठोपाठ एक सोपा मार्ग डोक्यात आला. नक्षी केली तर मत बाद. काजाचा टाका म्हणजे नक्षीच की! ही एक चिंधी बाजूला ठेवली तर पाच-पाच. समान मतं पडली तर चालू आहे ते तसंच. टेबल राहील, कातर राहील. चिंधी कोणाला दाखवावी लागणार नाही. दाखवायची म्हटली तरी दाखवता येणार नाही, कारण दाखवली तर बायकोचं मत चव्हाट्यावर येईल. सगळं त्यांच्या दोन बोटांत होतं. दाराजवळ दहा माणसं त्यांच्यावर विश्वास ठेवून उभी होती, आणि त्यांतली एक काय होणार हे बघायला उभी होती.

ते चिंधीकडे बघत राहिले. नक्षीचा नियम का केला होता? मत कळेना म्हणून. हे मत कळत नव्हतं का? इतकं स्पष्ट मत आजवर कोणी दिलं नव्हतं. फुली होती. शंका घ्यायला जागा नव्हती, आणि जागा करायचीच तर ती फक्त त्यांना करता येत होती.

"डावीकडे पाच," ते म्हणाले. "उजवीकडे सहा. कॉलरवाली प्रमुख."

कोणी ओरडलं नाही, पायजम्यासुद्धा नाही. मास्तरांनी उसवणी घेतली आणि एकेक टाका उसवला. काजाची फुली उसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. अकरा चिंध्या कोऱ्या झाल्यावर ते वळले.

"एक सांगायचं आहे. पुढच्या वेळी चिंध्या नकोत. टाका ओळखू येतो. मला येतो. पहिल्या दिवसापासून येत होता. मी बोललो नाही. चुकलं माझं."

पायजम्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी तिकडे..." शर्टवाल्या बहिणी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. आजोबा खाली बसले आणि स्वतःवरच हसले. "बारा वर्षं पडदा लावून आत जायचो मी. एकदा तर पडद्याआड घाम फुटला होता मला."

"बटणं घेऊ," कॉलरवाली हळू आवाजात म्हणाली. प्रमुख म्हणून हा तिचा पहिला शब्द. "हो असेल तर दोन भोकांचं, नाही असेल तर चार भोकांचं, सगळी एकाच रंगाची. आणि मोजायला दोघं. उभं असेल त्याने मोजायचं नाही." कोणी हात वर केला नाही आणि कोणी नाहीही म्हटलं नाही. अशा रीतीने शिवणघराचा आणखी एक नियम झाला.

मास्तरांनी कातर टेबलावर ठेवली, मुठी कॉलरवालीच्या बाजूला करून. तिचे डोळे भरले होते आणि मास्तरांना ते बघवेना.

घरी दोघं बरोबरच निघाले. वळणावर मास्तर म्हणाले, "साधा टाका घातला असतास तरी मला कळलंच असतं."

"कळलं असतंच. पण मला कळलंय हे तुम्हाला कळलं नसतं."

"बाद ठरवता आलं असतं मला ते."

"आलं असतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर तसं घातलं. एवढी वर्षं संसार केला, माणूस कसा आहे ते एकदा बघायचं होतं." मग म्हणाल्या, "हात दुखतोय माझा. छोट्या चिंधीवर काज करणं सोपं नसतं." मास्तरांनी त्यांची पिशवी घेतली.

रविवारी मास्तरांनी तीनदा ठरवलं की आता घरीच बसायचं. वय झालं, पुरे झालं, लोक काय म्हणतील. चौथ्यांदा ठरवत होते तेव्हा त्यांना प्रोफेसर आठवले, आणि त्या ढेरपोट्या माणसाचा सिद्धांत आपल्यामुळे खोटा पडावा हे काही त्यांना पटेना.

सोमवारी ते वेळेवर गेले. मोठ्या टेबलाशी कॉलरवाली कापायला उभी होती. तिने त्यांना मान लववली, त्यांनीही लववली. मोकळं मशीन एकच होतं, मागच्या भिंतीजवळचं. त्यावर कॉलरींचा गठ्ठा ठेवला होता, आणि मशीनच्या वर, भिंतीला नवीन खिळा ठोकून, एक दिवा लावलेला होता. वायर नवी होती.

"हा कधी लावलास?" त्यांनी विचारलं.

"काल. सुट्टी होती ना." तिने खडूची रेघ ओढली. "तुम्ही सोळा वेळा 'बघू' म्हणालात, मास्तर. म्हटलं, सतराव्यांदा मीच बघते."

आजोबा खोकल्यासारखं हसले. मास्तर खुर्चीवर बसले. मग त्यांनी हात वर करून दिवा बंद केला. सुई घेतली, दोरा ओला केला आणि ओवायला लागले. नेढं दिसेना. सुई खिडकीच्या दिशेने धरली, तरी दिसेना. दोरा डावीकडून गेला, उजवीकडून गेला, वरून गेला. ते तसेच ओवत राहिले, चार मिनिटं, पाच मिनिटं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली जितकी शनिवारी सगळ्यांसमोरही वाटली नव्हती. चार वर्षं ती पोरगी इथे बसून कॉलरींची टोकं काढत होती, आणि एकही टोक कधी वाकडं आलं नव्हतं.

"मास्तर," मोठ्या टेबलावरून आवाज आला, "दिवा लावा. कॉलरी संध्याकाळपर्यंत हव्यात मला."

"लावतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी दिवा लावला.